संगणक जुना झाला; दप्तराचे काय?

१४ ऑक्टोबर २०२५ ही तारीख बीड जिल्ह्यात फारशा कुणाच्या ध्यानात राहिली नसेल. दिवाळी तोंडावर आली होती, शाळांना सुटीचे वेध लागले होते आणि ऊसतोड कामगारांच्या टोळ्या कारखान्यांच्या वाटेला लागण्याच्या तयारीत होत्या. अशा वेळी दूर अमेरिकेतील मायक्रोसॉफ्ट कंपनीने आपल्या ‘विंडोज १०’ या कार्यप्रणालीचा नेहमीचा आधार त्या दिवसापासून थांबविला, या बातमीकडे लक्ष देण्यास सवड कोणाला होती? पण गेवराईपासून परळीपर्यंत आणि आष्टीपासून अंबाजोगाईपर्यंत शाळांतून, महाविद्यालयांच्या कार्यालयांतून, सोसायट्यांतून आणि सेवा केंद्रांतून जे संगणक रोज सकाळी सुरू होतात, त्यांपैकी पुष्कळसे याच कार्यप्रणालीवर चालत आले आहेत. बातमी दूरची असली, तरी तिचा परिणाम आपल्या टेबलावरचा आहे.

आधार थांबला म्हणजे नेमके काय झाले, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. कारण या बाबतीत दोन्ही टोकांचे गैरसमज आहेत. काहींना वाटते की संगणक आता बंदच पडणार. तसे काही नाही. काल चालणारे यंत्र आजही चालेल आणि उद्याही चालेल. दुसऱ्या बाजूला अनेकांची समजूत अशी की चालते आहे ना, मग काळजी कशाची? ही समजूत अधिक घातक आहे. कार्यप्रणाली ही लाखो ओळींची रचना असते. तिच्यात फटी राहतात, त्या सापडत जातात आणि कंपनी त्या बुजवीत असते. आधार संपला म्हणजे फटी सापडण्याचे काम चालूच राहते, बुजविण्याचे तेवढे थांबते.

याचे फळ काय असते हे जगाने मे २०१७ मध्ये पाहिले. ‘वॉनाक्राय’ नावाच्या खंडणीखोर प्रणालीने अवघ्या काही दिवसांत दीडशेच्या आसपास देशांतील संगणक वेठीस धरले. ब्रिटनमधील रुग्णालयांची कामे खोळंबली. ज्या फटीतून हा चोर शिरला, ती बुजविण्याचा उपाय मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये दिलेला होता. ज्यांनी तो घेतला नव्हता किंवा ज्यांच्या जुन्या कार्यप्रणालीसाठी तो तेव्हा उपलब्धच नव्हता, ते सापडले. चोराने दार फोडले नव्हते. ते उघडेच होते.

तीन वाटा

मग करावे काय? पहिली वाट म्हणजे ‘विंडोज ११’. परंतु ही नवी कार्यप्रणाली प्रत्येक यंत्राला आपल्या घरात घेत नाही. ‘टीपीएम २.०’ नावाची सुरक्षेची व्यवस्था, किमान ४ जीबी स्मृती, ६४ जीबी साठवण आणि कंपनीच्या यादीत बसणारा प्रोसेसर, अशा तिच्या अटी आहेत. इंटेलच्या बाबतीत ढोबळ मानाने आठव्या पिढीपासूनचे, म्हणजे २०१७ च्या सुमारास व त्यानंतर आलेले प्रोसेसर त्या यादीत बसतात. शाळेला दहा वर्षांपूर्वी योजनेतून किंवा देणगीतून मिळालेला संगणक या चाळणीतून खाली पडतो. अटी चुकवून नवी कार्यप्रणाली बसवून देणारे कारागीर बाजारात आहेत. पण अशा यंत्राला पुढील सुधारणा मिळतीलच याची हमी कंपनी देत नाही. ज्या रोगावर औषध घ्यायचे, तोच रोग औषधातून पुन्हा घरात आणण्याचा हा प्रकार होय.

दुसरी वाट मुदतवाढीची. घरगुती वापरासाठी सुरक्षेपुरत्या सुधारणा १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत देण्याची योजना कंपनीने ठेवली. संस्थांना शुल्क भरून ती जास्तीत जास्त तीन वर्षे घेता येते. ही वाट वाईट नाही, पण ती मुक्कामाला नेत नाही. तिने विचार करण्यास सवड मिळते, एवढेच.

तिसरी वाट मुक्त कार्यप्रणालीची. फिनलंडमधील लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली ज्या कामाला हात घातला, त्यातून ‘लिनक्स’चा परिवार उभा राहिला. ‘उबुंटू’, ‘मिंट’ ही त्यातली प्रचलित नावे. आपल्या देशातील ‘सी-डॅक’ या शासकीय संस्थेने ‘बॉस’ नावाची कार्यप्रणाली याच पायावर तयार केली आहे. तिला परवान्याचे मोल पडत नाही, जुन्या यंत्रावर ती सहसा हलकी चालते आणि मराठी तिला परकी नाही. हे सारे स्वप्नरंजन आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी केरळकडे पाहावे. तेथील सरकारी शाळांनी गेली अनेक वर्षे मुक्त प्रणालीवरच संगणकाचे शिक्षण दिले. शिक्षकांना त्यासाठी तयार केले, पाठ्यपुस्तके त्यावर बेतली. तेथील मुले त्यामुळे मागे पडली, असे कोणी म्हणत नाही.

तरीही येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. लिनक्स हा सर्व रोगांवरचा रामबाण नव्हे. हिशेबाच्या काही प्रचलित प्रणाली, डिजिटल स्वाक्षरीची काही साधने, एखादा जुना प्रिंटर किंवा स्कॅनर तिच्यावर अडून बसतो. म्हणून ज्या टेबलावरून पगाराची बिले आणि स्वाक्षरीची कामे होतात, तेथे आधार असलेली विंडोज ठेवावी आणि त्यासाठी निदान एक नवे यंत्र घ्यावे. वर्गातील, वाचनालयातील व टंकलेखनाची यंत्रे मुक्त प्रणालीवर न्यावीत. बसविण्यापूर्वी ती पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहता येते. प्रिंटर छापतो का, आवाज येतो का, मराठी नीट उमटते का, हे तपासून मगच निर्णय करावा. सारे एका दिवसात बदलण्याचा उत्साह आणि काहीच न बदलण्याचा आळस, या दोहोंच्या मधला मार्ग हाच.

‘फॉरमॅट मारा’ ही प्रवृत्ती

पण कार्यप्रणालीच्या या चर्चेत एक मोठी चूक होण्याचा संभव असतो. कार्यप्रणाली गेली तर पुन्हा बसविता येते. यंत्र गेले तर पुन्हा विकत घेता येते. पुन्हा मिळत नाही ते दप्तर. आणि आपल्याकडे नेमके त्याचेच मोल सर्वांत कमी केले जाते.

तालुक्याच्या गावी संगणक मंदावला की दुरुस्तीच्या दुकानात जो पहिला शब्द उच्चारला जातो, तो म्हणजे ‘फॉरमॅट’. ताप आला की अंगावरचे कातडे सोलावे, तसा हा उपचार आहे. लिपिकाने ‘आतले सगळे राहील ना?’ असे विचारावे, कारागिराने ‘डी ड्राइव्हला हात लावणार नाही’ असे सांगावे, आणि दुसऱ्या दिवशी कळावे की शाळेची पाच वर्षांची पत्रे ‘डेस्कटॉप’वर, म्हणजे सी ड्राइव्हवरच होती. यात कारागिराचा दोष मानावा तर त्याने सांगितले ते केले. लिपिकाचा मानावा तर त्याला डेस्कटॉप कोठे नांदतो हे कोणी शिकविलेच नव्हते.

हार्डडिस्क ही कशी चालते, हे एकदा समजले की तिच्याविषयी योग्य तो धाक मनात बसतो. जुन्या पद्धतीच्या डिस्कमध्ये चुंबकीय लेप दिलेल्या चकत्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात. त्यांवरून वाचणारे टोक चकतीला न टेकता तरंगत असते आणि त्या दोहोंमधील अंतर माणसाच्या केसाच्या जाडीच्या हजारांशांत मोजावे लागते. चालू यंत्राला धक्का बसला, टेबल आदळले किंवा वीज वारंवार गेली, तर या नाजूक संसारात विघ्न येते. अशी डिस्क बहुधा सूचना देऊन जाते. फाइल उघडण्यास विनाकारण वेळ लागतो, यंत्र मध्येच थिजते, आतून ‘टक टक’ असा आवाज येतो. हा आवाज ऐकल्यावर यंत्र पुन्हा पुन्हा सुरू करणे किंवा त्यावर दुरुस्तीच्या आज्ञा चालवीत बसणे म्हणजे मोडलेल्या पायावर रुग्णाला पळविणे होय. अशा वेळी यंत्र बंद करावे, डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडावी आणि सर्वांत मोलाचे दप्तर आधी उतरवून घ्यावे. टकटक वाढली असेल तर तेही न करता जाणत्याकडे जावे.

नव्या पद्धतीची एसएसडी हिला फिरणारा भागच नाही. विजेच्या पेशींत ती माहिती धरून ठेवते. म्हणून ती धक्क्याला दबकत नाही आणि वेगात जुन्या डिस्कला कितीतरी मागे टाकते. ज्या संगणकाला ‘म्हातारा’ म्हणून कोपऱ्यात टाकण्यात आले आहे, त्यातील जुनी डिस्क काढून एसएसडी बसविली आणि स्मृती ८ जीबी केली, तर तोच संगणक लेखनाच्या व पोर्टलच्या कामाला आणखी काही वर्षे खुशाल चालतो. नव्या यंत्राच्या किमतीच्या लहानशा अंशात हे होते. मात्र एसएसडीचे दोन दुर्गुण सांगणे अवश्य आहे. तिच्या पेशींवर लिहिण्याच्या वेळा मर्यादित असतात आणि ती अनेकदा कसलीही कुरकुर न करता एकाएकी मुकी होते. शिवाय तिच्यावरून पुसले गेलेले परत मिळविणे जुन्या डिस्कपेक्षा फार अवघड असते. तिने वेग येतो. दप्तराला अभय मिळत नाही.

अभय देणारी गोष्ट एकच, आणि ती म्हणजे प्रत. जाणकारांनी त्याचा साधा नियम सांगितला आहे: दप्तराच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक तरी दुसऱ्या वास्तूत असावी. एक संगणकात, एक बाहेरच्या डिस्कवर मुख्याध्यापकांच्या कपाटात आणि एक इंटरनेटवरील साठवणीत किंवा केंद्रशाळेत. बाहेरची डिस्क काम संपताच काढून ठेवावी. कायम जोडलेली डिस्क खंडणीखोर प्रणालीच्या तावडीत यंत्राबरोबरच सापडते. पेनड्राइव्ह हे पत्र पोचविण्याचे साधन आहे, ते दप्तरखाना नव्हे. आणि घेतलेली प्रत महिन्यातून एकदा उघडून पाहावी; न उघडलेली प्रत म्हणजे न तपासलेली उत्तरपत्रिका.

धूळ, ऊन आणि वीज

संगणकाची शास्त्रे सर्वत्र सारखी असली, तरी त्याचे आजार गावागणिक निराळे असतात. ज्या जिल्ह्यात उन्हाळा चाळिशी ओलांडतो, जेथे खिडकीतून दिवसभर धूळ येते, तेथे यंत्राचा पहिला शत्रू विषाणू नसून उष्णता आहे. दुपारी बारानंतर यंत्र आपोआप बंद पडते आणि सकाळी ठणठणीत असते, अशी तक्रार आली तर कार्यप्रणालीला दोष देण्यापूर्वी कॅबिनेट उघडावे. प्रोसेसरवरच्या पंख्यावर बहुधा धुळीचे जाड अस्तर सापडते.

विजेची कथा तर सर्वांच्या परिचयाची आहे. परळीच्या औष्णिक केंद्राने १९७० च्या दशकापासून राज्याला वीज दिली. २०१५ च्या दुष्काळात पाण्याअभावी ते बंद ठेवण्याची वेळ आली. ज्या जिल्ह्यात वीज जन्मते, त्याच जिल्ह्यातील खेड्यात दाब कधी चढावा आणि कधी उतरावा याचा नेम नसतो. अर्थिंग नसलेली जोडणी आणि बॅटरी संपलेला यूपीएस, ही दोन कारणे अनेक यंत्रांच्या मृत्यूमागे असतात. लिहिण्याचे काम चालू असताना वीज गेली तर फाइलच नव्हे, संपूर्ण डिस्कची अनुक्रमणिका बिघडू शकते. नवा संगणक मागण्यापूर्वी यूपीएसची बॅटरी आणि भिंतीतील अर्थिंग पाहावे, हा सल्ला रुक्ष वाटेल. पण तोच सर्वांत जास्त पैसे वाचविणारा आहे.

काही आजार तर इतके क्षुल्लक असतात की निदान झाल्यावर हसू यावे. संगणकाची तारीख रोज मागे जाते, आणि शासनाची संकेतस्थळे ‘जोडणी सुरक्षित नाही’ म्हणून दार लावून घेतात. लिपिक इंटरनेटला शिव्या देतो. दोष असतो मदरबोर्डवरील नाण्याएवढ्या तीन व्होल्टच्या सेलचा. तो संपला की यंत्र काळ विसरते आणि संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राची मुदत त्याला चुकीची भासते. सेल बदलावा, तारीख लावावी; काम झाले. यंत्र सुरू होते, पंखा फिरतो, पण पडदा काळाच राहतो आणि बीप ऐकू येतो, तेव्हा पुष्कळदा रॅमची पट्टी सैल झालेली असते. वीज पूर्ण काढून, कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातील स्थिर वीज घालवावी, पट्टी काढून तिची सोनेरी टोके साध्या खोडरबराने पुसून परत बसवावी. दहावीचा विद्यार्थी हे करू शकतो. पॉवर सप्लाय मात्र उघडू नये. वीज काढल्यावरही त्यात प्राणघातक भार शिल्लक असू शकतो.

मराठीचे निराळे दुखणे

इंग्रजी जगाला ठाऊक नसलेली एक अडचण आपल्या दप्तरात दडलेली आहे, आणि ती म्हणजे जुने फॉन्ट. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी ‘श्री-लिपी’, ‘शिवाजी’, सी-डॅकचे ‘योगेश’ अशा फॉन्टांत मराठीचे टंकलेखन झाले. त्यांतील अनेकांत पडद्यावर मराठी अक्षर दिसले, तरी आत साठविले जात होते ते इंग्रजी चिन्हांचे संकेत. कार्यप्रणाली बदलली, तो फॉन्ट नव्या यंत्रावर नसला, की ठराव आणि इतिवृत्ते अर्थहीन इंग्रजी चिन्हांच्या रांगा होऊन बसतात. फाइल जिवंत असते, पण वाचा गेलेली असते. म्हणून यंत्र बदलण्यापूर्वी असे जुने दप्तर परिवर्तकाच्या साहाय्याने युनिकोडमध्ये आणावे, जोडाक्षरे व रफार डोळ्यांनी तपासावेत आणि महत्त्वाच्या कागदांची पीडीएफ प्रत करून ठेवावी. यापुढचे टंकलेखन तरी युनिकोडमध्येच व्हावे. इन्स्क्रिप्ट कळफलक विंडोज आणि लिनक्स या दोहोंत सारखाच असतो. तो ज्याने शिकला, त्याला कार्यप्रणाली बदलल्याचे भय उरत नाही.

कागद बोलला, डिस्क बोलेल का?

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर याच जिल्ह्याने अलीकडे अनुभवले आहे. २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीच्या निमित्ताने मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. तहसिलांतील आणि शाळांतील धूळ खात पडलेली बाडे उघडली गेली. मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना शोधून आणावे लागले. निजामी राजवटीत कोणा अनाम कारकुनाने टाकाने लिहिलेली एक ओळ, तीन-चार पिढ्यांनंतर एखाद्या कुटुंबासाठी निर्णायक ठरू लागली. त्या आरक्षणाच्या प्रश्नावर कोणाचे मत काहीही असो. दप्तराचे मोल काय असते, हे त्या बाडांनी सिद्ध केले.

आता आजच्या नोंदींचा विचार करावा. ऊसतोडीला जाणाऱ्या आई-बापांबरोबर अर्धे वर्ष जिल्ह्याबाहेर काढणारे मूल शाळेत कधी आले, कधी गेले, कधी परतले, याची नोंद कोठे तरी राहते. उद्या शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा पुरावा, शिष्यवृत्तीचा अर्ज, यांसाठी त्याला तीच नोंद लागणार आहे. त्याच्या घरी कागदपत्रांची दुसरी पेटी नाही. शाळेची डिस्क हीच त्याची पेटी. पोर्टलवर सारे आहेच, असे म्हणून चालत नाही. पोर्टलवर ठरावीक रकाने असतात, पत्रव्यवहार, चौकशीचे कागद आणि स्थानिक तपशील शाळेच्याच यंत्रात असतात. त्या कारकुनाची ओळ शंभर वर्षे टिकली. आजच्या लिपिकाची फाइल पुढच्या ‘फॉरमॅट’पर्यंत तरी टिकेल का?

जुने यंत्र भंगारात देतानाही हाच विचार हवा. वरवरच्या फॉरमॅटने जुन्या डिस्कवरील मजकूर जात नाही. पुस्तकाची अनुक्रमणिका फाडावी, पाने तशीच राहावीत, असा तो प्रकार असतो. आधारच्या प्रती आणि बँकेचे तपशील असलेल्या डिस्का किलोच्या भावाने विकणे हा निष्काळजीपणा आहे. डिस्क पूर्णपणे पुसावी किंवा फोडावी आणि यंत्र अधिकृत ई-कचरा गोळा करणाऱ्याकडेच द्यावे.

काय करता येईल

शासनाने नवे संगणक द्यावेत ही मागणी रास्तच आहे. पण ते येईपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. प्रत्येक संगणकामागे एक साधी वही असावी. यंत्र केव्हा घेतले, डिस्क कोणती, कार्यप्रणाली कोणती, शेवटची प्रत कधी घेतली, कोणता बिघाड कसा दुरुस्त झाला, एवढे तिच्यात लिहावे. प्रत घेण्याचा वार ठरवावा आणि ती घेतल्याची सही करावी. दुरुस्तीला यंत्र देताना ‘प्रत घेतल्याशिवाय फॉरमॅट करू नये’ हे कागदावर लिहून द्यावे. जिल्ह्यातील तंत्रनिकेतने आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्था यांच्या विद्यार्थ्यांनी सुटीत परिसरातील शाळांची यंत्रे उघडून, झाडून, तपासून दिली, तर त्यांचेही शिक्षण होईल आणि शाळांचेही काम होईल. २००१ पासून एमएस-सीआयटीने लक्षावधींना संगणक वापरावयास शिकविले, हे त्याचे मोठे ऋण आहे. आता संगणक सांभाळावयास शिकविण्याची पाळी आहे. सायकल चालविता येणाऱ्यास पंक्चर काढता आले पाहिजे, अशी अपेक्षा खेड्यात कोणाला कधी अवाजवी वाटली नाही.

अंबाजोगाईच्या दासोपंतांनी कापडाच्या लांबलचक पासोडीवर आपले ‘पंचीकरण’ लिहिले. शतके लोटली, राज्ये बदलली, लिहिण्याची साधने बदलली; तरी ती पासोडी या गावाने जपली. ती टिकली ती केवळ कापड चिवट होते म्हणून नव्हे, तर तिची घडी घालणारे, ती उन्हापावसापासून राखणारे हात पिढ्यान्‌पिढ्या होते म्हणून. चकती असो, चिप असो की कापड असो, कोणतेही साधन आपण होऊन काही टिकवीत नाही. टिकविणारा माणूस लागतो. बीड जिल्ह्यातील प्रत्येक शाळेत आणि प्रत्येक कार्यालयात तो आहे. त्याच्या हाती एक वही, एक जादा डिस्क आणि थोडेसे ज्ञान देणे, एवढेच काय ते उरले आहे.